इयत्ता पहिली, विषय फियाट

भंगारवाला आला तेव्हा नीलाबाई ओट्यावर बसून मटार सोलत होत्या. त्याला दीनानाथरावांनीच बोलावलं होतं. पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या फियाटभोवती त्यानं एक चक्कर मारली, बोनेटवर थाप दिली, वाकून तळाचा पत्रा नखानं खरवडून पाहिला आणि खूश होऊन म्हणाला, "काका, जुना पत्रा हाय, भारी माल. एमआयडीसीत नेला की भट्टीत पानी होतं त्याचं. दिवाळीपर्यंत कोनाच्या तरी स्लॅबात सळई होऊन बसंल तुमची गाडी."

तो बिचारा कौतुकच करत होता. पण नीलाबाईंचा हात शेंगेवर थांबला. गाडीवर त्यांचा फार जीव होता असं काही नाही. लग्नं, बारशी, देवदर्शनं, सगळीकडे त्या डावीकडच्या सीटवर बसून गेल्या होत्या, मांडीवर डबा आणि खिडकीतून वारा. पुढे गाडी बंद पडली, मग मुलीनं पुण्याहून येऊन नवी छोटी गाडी घेऊन दिली, आणि फियाट शेडखाली धूळ खात राहिली. आज मात्र सळई म्हटल्यावर त्यांना एकदम जाणवलं, की जन्मभर ज्या गाडीत बसलो ती चालते कशी हे आपल्याला ठाऊकच नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "आत काय आहे ते मला एकदा बघायचंय."

"आत काय असणार? इंजिन!" दीनानाथराव म्हणाले.

"ते मलाही कळतं. इंजिनात काय असतं?"

दीनानाथरावांनाही ते ठाऊक नव्हतं. नोकरी विम्याच्या ऑफिसात गेलेली, गाडी हौसेनं चालवलेली. पण बोनेट उघडायचं काम कायम जुन्या जालन्यातल्या राधेश्याम मिस्त्रींचं. भंगारवाला एकदा नवऱ्याकडे, एकदा बायकोकडे बघत उभा राहिला. शेवटी नीलाबाईंनी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

नीलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आणि नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी एकच इयत्ता शिकवली होती, पहिली. वरचे वर्ग मिळत असूनही घेतले नव्हते. रडत आलेलं पोर दिवाळीपर्यंत स्वतःचं नाव लिहितं, यासारखी मजा दुसऱ्या कुठल्या वर्गात नाही असं त्या म्हणायच्या. निवृत्त झाल्यापासून सकाळ मोठी झाली होती. साडेदहा वाजले की उगाच घड्याळाकडे बघायची सवय काही सुटली नव्हती.

त्यांनी मोबाइल घेतला आणि जुन्या फियाटची माहिती शोधायला बसल्या. व्हिडिओ भरपूर होते. माणसं भरभर बोलत होती, हात त्याहून भरभर चालत होते. "सबसे पहले डिस्ट्रिब्यूटर की कॅप निकाल लीजिए," एक जण म्हणाला. नीलाबाईंनी व्हिडिओ थांबवला. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे काय, तो कुठे असतो, दिसतो कसा, याबद्दल अवाक्षर नाही. दुसरा लावला, तिसरा लावला. सगळ्यांची सुरुवात मधूनच. अक्षरओळख नसलेल्या पोरापुढे निबंधाचा विषय टाकून मास्तरानं खुर्चीत बसावं, तसा सगळा प्रकार. त्यांना रागच आला, आणि रागासोबत, बऱ्याच दिवसांनी, अंगात हुशारीही आली.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून त्या जुन्या जालन्यात गेल्या. धान्याच्या आडतींमागच्या गल्लीत, पोती उतरवणाऱ्या हमालांना चुकवत, दुचाक्यांना वाट देत राधेश्याम मिस्त्रींच्या गॅरेजपर्यंत पोचल्या. गॅरेजात आता स्कूटरी जास्त दिसत होत्या. मिस्त्रींचे गुडघे गेले होते, त्यामुळे ते उंच स्टुलावर बसून माणसांकडून काम करून घेत.

"फियाट? क्रीम कलरची? हाय अजून?" त्यांचे डोळे चमकले. "बाई, मी माणसं पाठवतो, टोचन लावून आणू. बराबर चालू करून देतो."

"तुम्ही नाही करायची. मी करणार आहे," नीलाबाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्याकडे यायचं, खुर्चीत बसायचं आणि सांगायचं."

मिस्त्री हसले. "ग्रीस लागलं ना बाई, दोन-दोन दिस हात निघत न्हाईत."

"खडूनं जन्मभर पांढरे होते, आता काळे होतील."

मिस्त्री आले. दुपारची झोप झाली की रिक्षानं यायचे, शेडखाली खुर्ची टाकून बसायचे. पण सांगणं त्यांना जमेना. "हे खोला. ते काढा. इकडून मारा," असं त्यांचं चालायचं.

"हे म्हणजे काय?" नीलाबाई विचारायच्या.

"हे म्हणजे हे!"

"त्याचं नाव काय?"

मिस्त्री चिडायचे. त्यांच्या हातांना सगळं माहीत होतं. नावांची गरज त्यांना कधी पडलीच नव्हती. दोनदा ते रागानं उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, कारण गॅरेजात बसून स्कूटरींचे प्लग बदललेले बघण्यापेक्षा हे भांडण बरं वाटत होतं. नीलाबाईंनी वर्गातली जुनी युक्ती काढली. पहिलीच्या वर्गात दारावर 'दार' आणि खिडकीवर 'खिडकी' अशा चिठ्ठ्या चिकटवतात, तशा त्यांनी इंजिनभर चिठ्ठ्या लावल्या. रेडिएटर, फॅन बेल्ट, कार्बोरेटर. मिस्त्रींनी बोट दाखवायचं, दोघांनी मिळून नाव ठरवायचं. आठवड्याभरात बोनेटखाली बालवाडी भरल्यासारखं दिसू लागलं. दीनानाथराव चहा घेऊन यायचे आणि चष्मा वर करून एकेक चिठ्ठी वाचायचे. "हा होय कार्बोरेटर!" ते म्हणाले. "याच्या नावानं मिस्त्रींनी माझ्याकडून किती पैसे काढलेत, आणि मी याला आज पहिल्यांदा बघतोय."

पुण्याची मुलगी, यशश्री, हिला आईच्या काळ्या हातांचा फोटो गेला तेव्हा तिचा फोन आला. "आई, तू जशी शिकतेयस ना, तसंच्या तसं शूट कर. हेच तर कुणी दाखवत नाही." तिनं मोबाइल उभा करायचं स्टँड पाठवून दिलं, चॅनल काढून दिलं आणि नाव विचारलं. नीलाबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. 'गाडीची पहिली' असं चॅनलचं नाव ठरलं.

पहिला पाठ फक्त बोनेट उघडण्याचा होता. आत बसून दांडी कुठे शोधायची, ती ओढल्यावर कसा आवाज येतो, बाहेर येऊन बोट कुठे घालायचं, खटका हाताला कसा लागतो, आणि नाही लागला तर घाबरायचं का नाही. शेवटी बोनेट पुन्हा लावून दाखवलं. बस. सवय अशी, की सुरुवातीलाच त्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणून गेल्या, "हं, बाळांनो, सगळे आले का?" यशश्रीनं ते कापलं नाही.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "बाई, बोनेट उघडायला व्हिडिओ? लोक हसतील आपल्याला."

लोक हसले. पण त्यांत एकानं लिहिलं, की त्यानं जुनी गाडी घेऊन दोन महिने झाले होते आणि खटका कुठे असतो हे विचारायची लाज वाटत होती. दुसऱ्यानं लिहिलं, "आजी, बाळांनो काय म्हणता, मी पन्नाशीचा आहे." नीलाबाईंनी खाली उत्तर टाकलं, "असू दे. पहिलीत बसलाय ना?"

मग पाठामागून पाठ होत गेले. प्रत्येक व्हिडिओसोबत त्या सोप्या भाषेत लिहूनही द्यायच्या: काय लागेल, काय दिसेल, मी सांगते तसं दिसलं नाही तर काय करायचं. खाली घरचा अभ्यास. "आपल्या गाडीतल्या पाच वस्तूंना हात लावा आणि मोठ्यानं नाव घ्या." नट ढिला करायचा म्हणजे पाना कुठल्या बाजूला फिरवायचा, यावर एक अख्खा पाठ झाला. बाटलीचं झाकण आपण उघडतो त्याच बाजूला, एवढं सांगून त्या थांबल्या नाहीत. गाडीखाली उताणं झोपल्यावर डोक्यात गोंधळ उडतो, तेव्हा मनातल्या मनात झाकण हातात धरायचं, हेही त्यांनी सतरंजीवर उताणं झोपून दाखवलं. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधला भारत नावाचा कामगार, जुनी व्हॅन घेऊन बसलेला, त्यानं लिहिलं, "बाई, मी रोज पाने हाताळतो, तरी गाडीखाली गेलो की उलटंच फिरवत होतो."

फियाटचं काम असं पाठांच्या मागे मागे सरकत राहिलं. टाकीतलं कुजकं पेट्रोल काढलं, टाकी धुतली, कार्बोरेटर खोलून पितळी तुकडा तुकडा पेट्रोलमध्ये घासला, ठिणगी पाडणारे पॉइंट पॉलिश पेपरनं पुसले, नळ्या बदलल्या. एके दुपारी नीलाबाईंनी चावी फिरवली, गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली, आणि शेडभर निळा धूर करून सुरू झाली. शेजारच्या पुष्पाबाई आग लागली म्हणून बादली घेऊन धावत आल्या. मिस्त्री खुर्चीतून न उठता मान एका बाजूला कलती करून आवाज ऐकत राहिले. "बराबर," एवढंच म्हणाले. दीनानाथराव कुठे दिसेनात म्हणून नीलाबाईंनी हाक मारली, तर ते आतून ड्रायव्हिंगचा जुना चष्मा शोधून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर येत होते.

सगळ्यात नेटका झालेला पाठ होता ब्रेकचा. ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली की पेडल लिबलिबीत होतं, आणि ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागचं निपल, म्हणजे एक पोकळ नट, ढिला करायचा. निपलला लावलेल्या पारदर्शक पायपातून बुडबुड्यांसकट तेल बाटलीत येतं. नट आवळायचा, आणि मगच पेडलवरचा पाय उचलायचा. हवा संपेपर्यंत पुन्हा पुन्हा. नवशिक्याच्या लक्षात राहावं म्हणून नीलाबाईंनी याचं चार शब्दांचं बडबडगीत केलं: दाब, सोड, आवळ, उचल. मिस्त्री नट ढिला करण्याला 'निपल सोडणं' म्हणत, तोच शब्द घेतला होता. दीनानाथराव पेडलवर, त्या स्वतः चाकापाशी, आणि तालात चाललेलं दाब, सोड, आवळ, उचल. ऐकायला इतकं छान वाटायचं, की पुष्पाबाई कपडे वाळत घालताना ते गुणगुणू लागल्या. पाठाच्या शेवटी नीलाबाईंनी दटावून सांगितलं होतं, "पेडल दगडासारखं घट्ट लागेपर्यंत गाडी दारातून हलवायची नाही. कबूल?"

हा पाठ गेला, आणि काही दिवसांनी पिंपळगाव रेणुकाईहून फोन आला.

"बाई, मी काकासाहेब. तुमचा पहिलीतला." काकासाहेब सत्तरीला आलेले शेतकरी. गोठ्याशेजारी त्यांची जुनी जीप कित्येक वर्षं उभी होती. मुलं शहरात, शेत बटाईनं दिलेलं, हाताला वेळ होता. पाठ बघून बघून त्यांनी जीप सुरू करून घेतली होती आणि घरचा अभ्यास ते न चुकता पाठवायचे. आज मात्र आवाज रडवेला होता. "तुमी सांगितलं तसं बराबर करून राह्यलो. तरी पेडल पार खाली जाऊन राह्यलं. रबरं बी नवी टाकली. घरची म्हनती, आता ही गाडी कोंबड्यांना द्या."

"हलवली नाही ना दारातून?"

"न्हाई न्हाई! कबूल केल्तं ना."

मिस्त्री म्हणाले, मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा पंप, गेला असेल. पण नीलाबाईंच्या मनाला ते पटेना, कारण भारतचीही तशीच तक्रार आली होती, आणखी एक-दोघांचीही. एवढ्या सगळ्यांचा एकच भाग एकाच वेळी कसा जाईल? वर्गात चार पोरांनी एकच चूक केली की ती चूक पोरांची नसते, हे त्यांनी बरेच दिवस आधी शिकून घेतलं होतं. पण कुठे चुकलं ते फोनवर कळेना.

"जाऊन येऊ," दीनानाथराव म्हणाले. "फियाटनं."

दिवाळी नुकतीच सरली होती, हवेत गारवा होता. दीनानाथराव चालवत होते, मिस्त्री पुढे बसले, नीलाबाई मागे. राजूरला चहाला थांबले तर दोन-तीन म्हाताऱ्यांनी गाडीवरून हात फिरवला आणि प्रत्येकानं कुणाच्या तरी फियाटची गोष्ट सांगितली. भोकरदनच्या पुढे दोन्ही बाजूंना कपाशी फुटून पांढरी झाली होती, बाया ओट्यांत कापूस वेचत होत्या. पूर्वी असा प्रवास झाला की नीलाबाई शेतं बघायच्या. आज कान इंजिनाकडे होते. चढावर आवाज जड होतो, उतारावर हलका. कार्बोरेटर आत्ता काय करत असेल, पंखा कसा फिरत असेल, सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. आपण गाडीत बसलेलो नसून गाडीच्या ओळखीच्या झालो आहोत, असं काहीतरी त्यांना वाटलं, आणि त्या स्वतःशीच हसल्या.

पिंपळगावात काकासाहेब रस्त्यावर येऊन थांबलेच होते. घरी त्यांच्या पत्नी नंदाबाईंनी पाणी दिलं, गूळ दिला. पण नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही सांगायचं ते पाहुण्यांच्या मार्फत.

"ह्यांना विचारा, ही जीप आनखी किती दिस चालनार हाय," नंदाबाई म्हणाल्या.

"तिला म्हनाव, पेडल नीट दाबलं असतं तर कवाच झालं असतं," काकासाहेब म्हणाले.

मिस्त्रींना बाजेवर बसवलं. त्यांनी एकेक चाक काढायला लावलं, आत हात घालून बोटं हुंगली, सांधे बघितले. कुठेही तेलाची ओल नाही. सिलिंडरही शाबूत. "काम साफ केलंय हो तुमी," ते काकासाहेबांना म्हणाले, "मंग हवा कुठून येऊन राह्यली?"

नीलाबाई गोठ्याच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. "मी काही बोलत नाही. तुम्ही दोघं रोज करता तसं करा. मी नाहीच असं समजा."

नंदाबाई पदर खोचून जीपमध्ये चढल्या. काकासाहेब पाना घेऊन मागच्या चाकाशी आडवे झाले.

"दाब!" त्यांनी आरोळी दिली. नंदाबाईंनी दात-ओठ खाऊन पेडल दाबलं.

"सोड!" काकासाहेबांनी निपल ढिलं केलं. पायपातून तेल आलं, तेलासोबत बुडबुड्यांची माळ आली. आणि त्याच क्षणी नंदाबाईंनी पेडलवरचा पाय उचलला. बुडबुडे जागच्या जागी थबकले आणि आले तसे सुळकन परत वर चढले.

"आवळ!" काकासाहेब ओरडले आणि त्यांनी नट आवळला.

"थांबा!" नीलाबाई म्हणाल्या. तो वर्गातला आवाज होता. कोंबड्यासुद्धा बाजूला झाल्या. "नंदाबाई, तुम्ही पाय का उचललात?"

"ह्यांनी सोड म्हनलं की!"

"अगं, ते तुला न्हाई, मला हाय!" गाडीखालून आवाज आला. "निपल सोड!"

"मंग सोताला कशापायी वरडून सांगता?"

मग मिस्त्रींना हसू फुटलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि दीनानाथरावांना पाठ चोळून द्यावी लागली. नीलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचे कान गरम झाले होते. एवढं घोटून केलेलं बडबडगीत, आणि त्यात दोन माणसांसाठी चार शब्द. कुठला शब्द कुणाचा हे सांगायचंच राहिलं होतं. दीनानाथरावांना ते शेडमध्ये तोंडी सांगितलं होतं म्हणून त्यांचा पाय बरोबर पडत गेला. पेडलवरच्या माणसाला सोड म्हटलं तर तो पाय सोडणार, दुसरं काय करणार? पहिलीतल्या पोरालाही हे कळलं असतं.

"चूक माझ्या पाठात आहे," त्या उठत म्हणाल्या. "तुमचं दोघांचंही बरोबर होतं."

हे ऐकल्यावर नंदाबाईंनी पहिल्यांदा नवऱ्याकडे सरळ बघितलं. "दोन दिस मला बोल लावून राह्यलते," त्या म्हणाल्या. "माझ्या पायात जोर न्हाई म्हनं!"

काकासाहेब गाडीखालून बाहेर आले, अंगावरचा भुसा झटकत. "जोर हाय, जोर हाय," ते पुटपुटले. "चहा तरी टाक."

"आधी पेडल."

आता शब्द बदलायचे होते. नीलाबाई 'ढिला कर' म्हणून बघत होत्या, मिस्त्री 'खोल' सुचवत होते, दीनानाथरावांना एक-दोन-तीन-चार असे आकडे हवे होते. नंदाबाई सीटवर बसून सगळ्यांचं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं कशाला? ज्याच्या हातात पाना, त्यानं काय करायचं ते गुमान करावं. मी पाय दाबला की 'धरलं' म्हनते. त्यांचं खालचं काम उरकलं की त्यांनी 'उचल' म्हनावं. त्याच्या मधी कोनी बोलायचंच न्हाई."

नीलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. वर्गात असंच व्हायचं. फळ्यावर त्यांनी तीनदा समजावलेलं एखाद्या पोराच्या डोक्यात शिरायचं नाही, आणि शेजारचं पोर कानात एक वाक्य सांगून जायचं की झालं. "असंच करू," त्या म्हणाल्या. "आणि कॅमेऱ्यासमोर करू. नंदाबाई, तुम्हीच सांगायचं."

"मी? ह्या लुगड्यात?"

लुगडं बदलून झालं, केस नीट झाले. मोबाइल स्टँडवर चढला. "धरलं!" नंदाबाईंचा खणखणीत आवाज गोठ्यात घुमला. खाली पाना फिरला, बुडबुडे बाटलीत उतरले, पाना उलटा फिरला. "उचल!" पुन्हा. एका चाकाहून दुसऱ्या चाकावर. शेवटच्या चाकाशी नंदाबाईंनी पेडल दाबलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "आता पुढं जाईना," त्या म्हणाल्या. "दगड लागल्यावानी हाय."

काकासाहेबांनी जीप आधी अंगणातच पुढे-मागे करून बघितली, हळू चालवून पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला. मिस्त्रींनी मान हलवल्यावर मग नंदाबाईंना शेजारी बसवून जीप रेणुकामातेच्या देवळाकडे निघाली, मागे फियाट. देवळाच्या चढावर काकासाहेबांनी मुद्दाम मध्येच ब्रेक लावला. जीप जागच्या जागी उभी राहिली, तसूभर मागे आली नाही. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना दाखवला, जणू काही डोंगर अडवून धरला होता.

दर्शन झालं. परत आल्यावर बाजरीची गरम भाकर, वांग्याचं भरीत आणि तिथल्या हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्यानं दीनानाथरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तरी ते मागून घेतच राहिले. नंदाबाईंनी नीलाबाईंच्या हातांकडे बघितलं, नखांतलं ग्रीस बघितलं, आणि आपल्या तळहातावर थोडं गोडं तेल आणि साखर घेऊन त्यांच्या बोटांना चोळून दिलं. "मिरच्या तोडून हात आग करतात तवा मी असंच करते," त्या म्हणाल्या. ग्रीस खरंच बरंच निघालं.

जुना पाठ नीलाबाईंनी त्याच संध्याकाळी काढून टाकला. नवीन पाठाच्या सुरुवातीला त्यांनी सरळ सांगितलं, की आधीच्या पाठातला एक शब्द चुकला होता, त्यामुळे ज्यांचं पेडल घट्ट झालं नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. त्यानंतर भारतचा निरोप आला: त्याच्या बायकोनं 'धरलं' म्हटलं, त्यानं 'उचल' म्हटलं, आणि व्हॅनचं पेडल घट्ट झालं. खाली त्यानं हेही लिहिलं होतं, की घरातलं वातावरणही आता बरं आहे.

तेव्हापासून एक पद्धतच पडली. नवा पाठ लिहून झाला की तो लोकांपर्यंत जाण्याआधी पिंपळगावला जातो. नीलाबाई फोनवर वाचतात, नंदाबाई ऐकतात. "ही ओळ मला न्हाई कळली," असं त्या म्हणाल्या की ती ओळ बदलायची, मग ती कितीही सुंदर असो. मिस्त्रींना सुरुवातीला हे आवडलं नाही. पण हल्ली त्यांचंही बोलणं पालटलं आहे. गॅरेजात एखाद्या माणसाला काम सांगताना ते "हे खोल" म्हणता म्हणता थांबतात, आणि वस्तूचं नाव घेतात. गॅरेज बंद करायचा विषय त्यांच्या बोलण्यात आता येत नाही. रविवारी जुन्या गाड्या घेऊन आलेले नवशिके त्यांच्या दारात जमतात आणि मिस्त्री उंच स्टुलावरून त्यांची हजेरी घेतात.

परवा वायपरच्या मोटारीचा पाठ चालला होता. नीलाबाई फोनवर वाचत होत्या, "मग काचेखालचा हा छोटा नट..."

"थांबा बाई," पलीकडून नंदाबाई म्हणाल्या. "जरा हळू घ्या. पाना माझ्या हातात हाय, आन् ह्यांना मी टॉर्च धरायला लावलंय."

नीलाबाईंनी चष्मा सारखा केला, खुर्ची उन्हात ओढली आणि ती ओळ पहिल्यापासून, सावकाश वाचायला घेतली.